ट्वीड प्रकरण : व्यंगचित्र आणि बातमी

न्यूयॉर्क शहराचा कारभार हातीं ठेवणारा विल्यम ट्वीड याचा पाडाव टॉमस नास्ट याच्या व्यंगचित्रांनीं केला, अशी समजूत रूढ आहे. घटनांचा कालक्रम पाहिला असतां ती अपुरी ठरते, हें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

ट्वीड हा टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचा पुढारी. सार्वजनिक कामांचीं बिलें फुगवून वाढीव रक्कम आपसांत वांटून घेणें ही त्याच्या टोळीची रीत होती. 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकांत नास्ट त्याची टवाळी करीत होता. सप्टेंबर १८७० पासून 'न्यूयॉर्क टाइम्स'नेंही टीकेची झोड उठविली. परंतु एकाजवळ उपहास होता, दुसऱ्याजवळ संशय. पुरावा कोणाजवळच नव्हता. त्याच वर्षीं निवडणुकीच्या तोंडावर सहा प्रतिष्ठित धनिकांच्या समितीनें हिशेब चोख असल्याचा निर्वाळा दिला, आणि टॅमनीचा महापौर पुन्हां निवडून आला.

सन १८७१ मध्यें माजी शेरीफ जेम्स ओब्रायन यानें हिशेबांच्या नकला 'टाइम्स'च्या स्वाधीन केल्या, व जुलै महिन्यांत त्या छापून आल्या. ज्या न्यायालयाच्या इमारतीस प्रथम अडीच लाख डॉलर मंजूर झाले होते, तिच्यावर सुतारकाम, गिलावा व सामान यांच्या नांवानें कित्येक पट रकमा खर्ची पडल्या होत्या. इंग्रजी व जर्मन भाषांत खास पुरवणीही निघाली. आंकडे निरुत्तर करणारे होते. पण रकाने वाचून अपराधी डोळ्यांपुढें उभा राहत नाहीं.

तें काम १९ ऑगस्टच्या चित्रानें केलें. लोकांचा पैसा कोणीं चोरला, या प्रश्नास उत्तर म्हणून वर्तुळांत उभा असलेला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बोट दाखवितो. चित्राखालीं हा प्रश्न 'टाइम्स'च्याच नांवें लिहिला आहे. तेंच चित्र वर्षापूर्वीं निघतें, तर थट्टा म्हणून विसरलें जातें. आतां बिलांतील नांवें वाचकांस ठाऊक होतीं. नोव्हेंबरच्या निवडणुकींत ट्वीड स्वतः तगला, तरी त्याचे बहुतेक साथीदार पडले. १८७३ मध्यें त्यास शिक्षाही झाली.

याची उलट बाजू १८७६ मध्यें दिसली. आदल्या वर्षीं पहाऱ्यांतून निसटलेला ट्वीड स्पेनमधील व्हिगो बंदरीं पकडला गेला. नास्टच्या एका चित्रावरून त्याची ओळख पटली. त्या चित्रांत ट्वीडनें दोन पोरांस धरलेलें आहे. त्यामुळें तेथील अधिकाऱ्यांनीं त्यास मुलें पळविणारा मानलें, असें सांगतात. तसें झालें असेल, तर चित्रानें मनुष्य ओळखून दिला, गुन्हा मात्र नाहीं. कारण जोडीला बातमी नव्हती.

सारांश, हिशेबावांचून उपहास पोकळ, आणि उपहासावांचून हिशेब मुका. म्हणून जुनीं व्यंगचित्रें साधन म्हणून वापरणाऱ्या अभ्यासकानें त्या त्या आठवड्याचीं वृत्तपत्रें शेजारीं ठेवूनच तीं वाचावीं.