गहाण पडलेला वऱ्हाड

वाशीम जिल्ह्यात सावकाराचा विषय निघाला की बियाण्याच्या पैशासाठी शेत लिहून देणारा शेतकरी डोळ्यांपुढे येतो. एकोणिसाव्या शतकात मात्र निजामाच्या ताब्यातल्या या वऱ्हाड मुलखातले सर्वांत मोठे ऋणको होते खुद्द निजाम सरकार.

खजिना रिता, फौजेचे पगार थकलेले. दिवाण चंदूलाल पेढ्यांकडून रकमा उचलत आणि त्यापोटी वऱ्हाडच्या परगण्यांचा वसूल लावून देत. हैदराबादच्या पूरणमल सावकाराकडे असा वऱ्हाडचा बहुतेक भाग गेला. 1839 मध्ये ब्रिटिश रेसिडेंटच्या दबावाने त्याला काढले आणि त्याच्या जागी पेस्तनजी आणि कंपनी ही पारशी पेढी आली. खामगावला कापसाचे दाबयंत्र बसवणारी हीच पेढी. 1845 मध्ये तिला वसूल सोडायला सांगितले, तेव्हा तीही सहजासहजी हटली नाही. सावकार कोणीही असो, व्याज निघत होते रयतेच्या खळ्यातूनच. अखेर 1853 मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या, पण निजामाने पोसायच्या कंटिन्जंट फौजेच्या थकबाकीपोटी अख्खा वऱ्हाड इंग्रजांकडे गेला. त्या फौजेची एक छावणी वाशीमजवळच, हिंगोलीला होती.

इंग्रजांनी मुंबईच्या धर्तीवर मोजणी करून शेते रयतेच्या नावावर लावली. ती आता विकता येऊ लागली, गहाणही ठेवता येऊ लागली. हक्क मोलाचा होता, पण सावकाराला हवे ते तारणही त्यातूनच मिळाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचा भाव चढवला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि जमिनीची किंमत वाढली.

सावकारीची रीत ठरलेली: पेरणीला उचल घ्यायची, सुगीला फेडायची, धान्य घेतले तर सवाईने किंवा दिढीने परत करायचे. पाऊस हुकला की थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत. पण सर्वांत घातक रीत खरेदीखताची. कर्ज देतानाच शेत विकल्याचा कागद करून घ्यायचा; ‘पैसे फिटले की शेत परत’ एवढे फक्त तोंडी. कागदावर कर्जाचा मागमूस नाही, मग कोर्टात कूळ काय दाखवणार?

महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याने नेमके यावरच बोट ठेवले. मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही, हा दामदुपटीचा जुना नियम त्यात आहेच. शिवाय खरेदीखत झालेले असले तरी जिल्हा उपनिबंधक व्यवहाराची चौकशी करू शकतात. 15 वर्षांच्या आतला तो व्यवहार मुळात सावकारीतला ठरला, तर खत रद्द करून शेत मूळ मालकाला किंवा त्याच्या वारसांना परत देण्याचा आदेश त्यांना काढता येतो.