काठवटीचा इतिहास

भंडाऱ्याचें नांव निघालें म्हणजे वाचकांस प्रथम पितळेचीं भांडीं आठवतात, आणि तें योग्यच आहे. रतनपूर येथील कलचुरि राजा जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखांत या प्रदेशाचा 'भाणार' असा उल्लेख असून, 'भाणा' म्हणजे धातूचें ताट, त्यावरून हें नांव पडलें असें सांगतात. धातूच्या भांड्याला असा मान मिळाला. परंतु ज्या काठवटींत त्याच घरचें पीठ मळलें जाई, ज्या उखळांत भात सडला जाई, ज्या रवीनें ताक घुसळलें जाई, त्यांची नोंद कोणी ठेविली? भंडाऱ्याहून तुमसरकडे जातांना वाटेंत मोहाडी लागते. चौंडेश्वरी देवीचें हें गांव. भाताच्या या मुलखांतील स्वयंपाकघर डोळ्यांपुढें ठेवून आम्ही त्या उपेक्षित भांड्यांची हकीकत सांगणार आहों.

नोंद न राहण्याचें कारण लाकडाच्या स्वभावांतच आहे. याच जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी येथें १९६९-७० सालीं उत्खनन झालें. तेथें प्राचीन स्तूपाचे अवशेष आणि खापरें मिळालीं. खापर दोन हजार वर्षें मातींत टिकतें. लाकडाची वाळवी पाहतां पाहतां माती करिते. शिवाय आपल्या पूर्वजांनीं कांहीं लाकडी पात्रें जाणूनबुजून मागें ठेविलीं नाहींत. श्रौत यज्ञांत जुहू पळसाची, स्रुव खैराचा, उपभृत् पिंपळाची, असें लाकूडही ठरलेलें असे. आणि अग्निहोत्री मरण पावला म्हणजे तीं पात्रें त्याच्या देहावर मांडून त्याच्याबरोबर अग्नीस अर्पण करीत. जें भांडें धन्याबरोबर जळतें त्याचा इतिहास मातींत कसा सांपडावा? तो शोधावयाचा तर भाषेंत आणि निगेच्या रीतींत शोधला पाहिजे.

भाषेची साक्ष आधीं पाहूं. एखाद्याची भरभराट झाली म्हणजे त्याचें 'उखळ पांढरें झालें' असें आपण म्हणतों. ज्या घरीं भात मुबलक त्या घरचें उखळ कोंड्यानें व कण्यांच्या पिठानें सदा पांढरें दिसावें, हें मोहाडीकडील मनुष्यास निराळें समजावून द्यावें लागत नाहीं. मुख्य काम विसरून भलतेंच केलें म्हणजे 'मुसळ केरांत' गेलें. आणि पाऊस जोराचा आला म्हणजे तो मुसळधार. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत घरोघरीं असलेल्या उखळास उद्देशून सूक्त आहे. आणि आपल्या लग्नघरीं घाणा भरतांना मुसळांस आंब्याचीं पानें बांधून सवाशिणी त्यांस हात लावितात. इतका मान असलेल्या वस्तूचें चरित्र कोणी लिहिलें नाहीं, कारण ती सर्वांच्याच घरीं होती.

आतां करणाराकडे वळूं. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं 'गांव-गाडा' या १९१५ च्या ग्रंथांत गांवगाड्यांतील बलुतेदारांचें वर्णन केलें आहे. सुतार त्यांतील एक प्रमुख. सुगीला त्याला मिळणारें धान्य हें मुख्यतः नांगर, वखर यांच्या कामाचें. पण जो हात नांगर घडवी तोच काठवटही कोरी. त्याचें पहिलें कौशल्य वाकस चालविण्यांत नसून लाकूड निवडण्यांत होतें. मुसळाला खैरासारखें जड व चिवट लाकूड हवें. काठवटीला शिवण बरी, कारण ती हलकी असून कमी पिळवटते. कातकामाला हळदूचें बारीक पोताचें लाकूड चांगलें. ओंडक्याचा मधला गाभा भांड्यांत येऊं द्यावयाचा नाहीं, हा मोठा नियम. लाकूड वाळतांना सर्व बाजूंनीं सारखें आकसत नाहीं. वलयांच्या दिशेनें तें आरपार दिशेच्या जवळजवळ दुप्पट आकसतें, आणि गाभा मध्यें असला म्हणजे या ओढाताणींत भांडें हटकून तडकतें.

हें लाकूड येई कोठून? मध्यप्रांतांत मालगुजारी जंगलांतून रयतेला सरपण व घरगुती लाकूड नेण्याची जी सवलत असे तिला निस्तार म्हणत. १८७८ च्या आणि पुढें १९२७ च्या जंगल कायद्यानें राखीव रानें वेगळीं झालीं; १९५१ सालीं मालगुजारी संपली. तेव्हांपासून लाकूड हें शेजारचें झाड न राहतां परवान्याची वस्तु झालें.

परंतु लाकडी भांड्याचें अर्धें आयुष्य सुतार देतो आणि अर्धें घरची बाई देते. आमच्या आजीची काठवट तिला तिच्या सासूकडून मिळाली होती. ती कधीं पाण्यांत भिजत पडली नाहीं, कधीं उन्हांत वाळली नाहीं. काम होतांच ओल्या फडक्यानें पुसून ती भिंतीशीं सावलींत उभी राही, म्हणजे दोन्ही अंगांस वारा सारखा लागे. वर्षांतून दोनदां तिला जवसाचें तेल मिळे. या भागांत भात शेतांत उभा असतांनाच शेवटच्या ओलीवर जवस आणि लाखोळी फेंकून पेरतात; तिला उतेरा म्हणतात. त्यामुळें तेल घरचेंच. आजीला कारण ठाऊक नव्हतें, पण निवड अचूक होती: तिळाचें किंवा भुईमुगाचें तेल लाकडांत ओलेंच राहून खवट होतें, जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें व लाकडाची छिद्रें बुजवितें. काठवट फारच खडबडीत झाली तर सुताराकडून वरचा पदर तासून घ्यावयाचा. मनुस्मृतींत लाकडी पात्राची शुद्धि तासण्यानें होते असें सांगितलें आहे, तें शास्त्र आणि आजीची रीत एकच.

लाकूड अस्वच्छ, अशी शंका सुशिक्षित घरांतून हल्लीं घेतली जाते. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत डीन क्लिव्हर व त्यांचे सहकारी यांनीं केलेले प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत लाकडी फळीवर सोडलेले जंतु थोड्याच वेळांत पृष्ठभागावरून नाहींसे झाल्याचें दिसून आलें. अर्थात् धुणें व कोरडें करणें चुकत नाहीं.

मग हीं भांडीं गेलीं कां? उखळ गिरणीनें नेलें. गिरणीचा तांदूळ पांढरा शुभ्र. पण त्याच्या सालींतील सत्त्व निघून जातें, हें जावा बेटांत कोंबड्यांवरून प्रथम ध्यानांत घेणारे डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन यांस १९२९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. वर्धा येथें डिसेंबर १९३४ मध्यें स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघानें जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखालीं हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला. १९५८ सालीं भात-गिरण्यांवर नियमन घालणारा कायदा झाला. १९९७ सालीं तो रद्दही झाला. येथें आम्ही एक गोष्ट स्पष्ट सांगतों. पहांटे उठून मुसळ मारणाऱ्या बायकांचे खांदे कसे भरून येत, हें ज्यांनीं पाहिलें आहे ते गिरणीस दोष देणार नाहींत. उखळ गेलें याचें दुःख करणें म्हणजे दुसऱ्याच्या श्रमांवर आपली हळहळ पोसणें होय.

काठवटीची गोष्ट मात्र निराळी. तिनें कोणाचें अंग मोडलें नाहीं. ती स्टीलच्या पराती आल्या म्हणून मागें पडली, आणि मोडली ती मागें पडल्यावर. आजीच्या पश्चात् आम्हीच ती काठवट आठवण म्हणून माळ्यावर ठेविली. दोन उन्हाळ्यांनंतर खालीं काढली तेव्हां ती या टोकापासून त्या टोकापर्यंत उलली होती. तीन पिढ्यांच्या मळण्यानें जिचें कांहीं बिघडलें नाहीं, ती आमच्या जपणुकीनें फुटली. लाकडी भांड्यास रोजचा हात हीच निगा. ज्यांच्या घरीं अशी एखादी काठवट, रवी किंवा चाटू अजून असेल, त्यांनीं ती आजच खालीं काढावी, जवसाचें तेल द्यावें आणि उद्यांचें पीठ तींत मळावें.