घोडं कुठे पेंड खातंय? जयपूरच्या वेधशाळेतल्या बदलांची गोष्ट

सात-आठ वर्षं जुना गेमिंग कॉम्प्युटर नव्या गेमला अडखळू लागला, की खिशात हात घालण्याआधी निदान करावं लागतं. ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय, प्रोसेसर थकलाय, रॅम अपुरी आहे, की जुनी हार्ड डिस्कच वेळ खातेय? गेम चालू असताना प्रोसेसर पूर्ण भरलेला आणि ग्राफिक्स कार्ड निम्म्या ताकदीवर रेंगाळत असेल, तर महागडं नवं कार्ड बसवून फारसा फरक पडत नाही. शिवाय एक भाग दुसऱ्याला बांधलेला असतो. मोठ्या कार्डाला पुरेशी वीज देणारा एसएमपीएस लागतो, नव्या प्रोसेसरला जुळणारं सॉकेट लागतं, आणि मदरबोर्डच बदलायचा झाला तर बहुधा रॅमही नवी घ्यावी लागते. म्हणून जाणकार आधी एवढंच विचारतात, की घोडं नेमकं कुठे पेंड खातंय?

तीनशे वर्षांपूर्वी आमेरच्या राजाला आकाश मोजणाऱ्या यंत्रांबद्दल हाच प्रश्न पडला होता. त्याने दिलेली उत्तरं जयपूरच्या जंतरमंतरमध्ये आजही उभी आहेत. त्यातली काही अचूक ठरली, काही अपुरी, आणि दोन्हींची कारणं तिथल्या चुन्यादगडात वाचता येतात.

सवाई जयसिंह (१६८८–१७४३) लहान वयात आमेरच्या गादीवर आला, १७२७ मध्ये त्याने जयपूर वसवलं आणि दिल्ली, जयपूर, उज्जैन, मथुरा व वाराणसी अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. त्याची मूळ तक्रार कोष्टकांबद्दल होती. ग्रहणांच्या वेळा, ग्रहांचे उदयास्त, नव्या चंद्राचं दर्शन यांचं जुन्या कोष्टकांवरून केलेलं गणित प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नव्हतं. ते जुळवायला नवे वेध हवेत आणि वेधांसाठी भरवशाची यंत्रं हवीत, इथून त्याचं काम सुरू झालं.

सुरुवात त्याने रिवाजाप्रमाणे पितळी यंत्रांनी केली. पण बादशहा मुहम्मदशाहाच्या नावाने तयार झालेल्या ‘झिज-इ-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रांतले दोष एखाद्या कारागिराने मांडावेत तसे मांडले आहेत. यंत्रं आकाराने लहान, म्हणून अंशाखालच्या कलांच्या खुणा त्यांवर मावत नाहीत. आस झिजतात आणि डुगडुगतात. वर्तुळांचे मध्य सरकतात. यंत्राची पातळी कलते. आधीच्या ज्योतिषांच्या चुकांचं मूळ त्याला इथे दिसलं.

मग त्याने धातू सोडून दगड आणि चुना धरला. फिरता भागच ठेवला नाही, त्यामुळे झिजायलाही काही उरलं नाही. यंत्र इमारतीएवढं केलं, म्हणजे मोजपट्टीवर बारीक खुणांना जागा झाली. जयपूरच्या बृहत् सम्राट यंत्राची तिरपी भिंत सुमारे २७ मीटर उंच जाते. तिचा कल जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे जवळपास २७ अंश आहे, त्यामुळे तिची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते. दोन्ही बाजूंच्या वक्र पट्ट्यांची त्रिज्या सुमारे १५ मीटर आहे. त्यांवरून सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, इतकी की नुसत्या डोळ्याला तिची चाल दिसते. पट्टीवरची सर्वांत बारीक खूण दोन सेकंदांची आहे. शेजारच्या लघु सम्राट यंत्रावर तीच २० सेकंदांची.

पितळ मात्र त्याने सरसकट मोडीत काढलं नाही. सुमारे अडीच मीटर व्यासाचं यंत्रराज हे पितळी यंत्र आजही तिथे टांगलेलं आहे. जिथे दोष होता तिथेच बदल, हे धोरण कोष्टकांतही दिसतं. समरकंदच्या उलुगबेगाने पंधराव्या शतकात ताऱ्यांची यादी केली होती. जयसिंहाच्या ग्रंथात तीच यादी घेतली आहे, फक्त मधल्या काळातल्या अयनचलनासाठी प्रत्येक ताऱ्याच्या रेखांशात ४ अंश ८ कला मिळवल्या आहेत. हजारावर ताऱ्यांचे वेध नव्याने घेण्याचे कष्ट त्यामुळे वाचले. जुन्या ग्रंथांचा पायाही त्याने जपला. त्याच्या दरबारातल्या जगन्नाथ सम्राटाने टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’ आणि युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात आणली.

आता सम्राट यंत्राच्या पट्टीजवळ, खुणांवर नजर रोखून उभं राहावं. सूर्य हा ठिपका नव्हे, आकाशात त्याची थाळी अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे भिंतीच्या कडेची सावली एका रेघेत तुटत नाही. गडद छाया आणि स्वच्छ ऊन यांच्यामध्ये अंधुक पट्टा पडतो आणि १५ मीटर अंतरावर तो जवळपास १४ सेंटिमीटर रुंद होतो. एवढा पट्टा एखाद्या खुणेवरून जायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. खुणा दोन-दोन मिलिमीटरवर कोरलेल्या आणि सावलीची कड चौदा सेंटिमीटर पसरलेली. यंत्र मोठं केलं तसा हा पट्टाही त्याच प्रमाणात मोठा झाला. पट्टी सुधारली तरी अडचण आता सावलीच्या कडेत जाऊन बसली.

वेध घेणाऱ्यांसाठी यावर एक सोपी युक्ती होती. बारीक दोरा भिंतीच्या कडेला समांतर ताणून पट्टीच्या अगदी जवळ धरायचा. त्याची सावली सुबक उमटते. दोरा अंधुक पट्ट्यातून सरकवत नेला की एका जागी त्याची सावली पुसली जाते, ती जागा कडेची खूण म्हणून धरायची. सराव असेल आणि आकाश निरभ्र असेल, तर अशा रीतीने काही सेकंदांपर्यंत अचूक वेळ सांगता येते.

त्याहून नेमकं उत्तर त्याच इमारतीत दडलेलं आहे. सम्राट यंत्राच्या पट्ट्या ज्या बांधकामावर टेकल्या आहेत, त्याच्या आतल्या अंधाऱ्या खोल्यांत षष्ठांश यंत्र आहे. वरच्या बारीक छिद्रातून मध्यान्हीचा सूर्य आत येतो आणि सुमारे पावणेनऊ मीटर त्रिज्येच्या, साठ अंशांच्या कमानीवर त्याची प्रतिमा पडते. ही प्रतिमा साधारण आठ सेंटिमीटरची असते आणि तिची कड रेखीव असते. थाळीची वरची आणि खालची कड वाचली की सूर्याची उंची आणि त्याचा व्यास दोन्ही मिळतात. कल्पना जुनीच होती. दहाव्या शतकाच्या अखेरीस इराणमधल्या रय इथे अल-खुजंदीने असं यंत्र बांधलं होतं आणि उलुगबेगाने समरकंदला त्याचा प्रचंड अवतार उभा केला होता. आकार वाढवण्याऐवजी इथे सावलीच्या जागी प्रतिमा आणली आणि अंधुक कडेचा दोष मुळातच टाळला. फक्त हे यंत्र चालतं ते सूर्य मध्यान्हावर असताना.

रात्री तारे पाहताना सावलीचा प्रश्न नसतो, तिथे माणसाच्या डोळ्याची मर्यादा येते. उघड्या डोळ्याला साधारण एका कलेहून बारीक फरक कळत नाही आणि एक कला म्हणजे वेळेत चार सेकंद. दोन सेकंदांच्या खुणेचा तिथे उपयोग नाही. या मर्यादेवरचा उपाय युरोपात सापडला होता. १६६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये खगोलज्ञ पिकार वेध घेण्यासाठी नळीत बारीक तार ताणलेली दुर्बीण वापरू लागला आणि लहान यंत्रही मोठ्या यंत्राहून अचूक ठरलं. तिकडेही हे सर्वांना पटलं नव्हतं. डान्झिगच्या हेवेलियसने उघड्या डोळ्यांचे वेध सोडले नाहीत. १६७९ मध्ये तरुण हॅली त्याच्याकडे गेला, तेव्हा त्याचे वेध पाहून तो प्रभावित झाला होता.

जयसिंहाकडे दुर्बिणी होत्या आणि ग्रंथात त्यांचा उल्लेखही आहे. पण मोजण्याच्या यंत्रावर दुर्बीण बसवण्याची रीत जयपूरला पोहोचली नाही. १७२७ मध्ये त्याने फादर मॅन्युएल डी फिगेरेदो यांना पोर्तुगालला पाठवलं. परतताना त्यांनी पॅरिसच्या ला हिर या खगोलज्ञाची कोष्टकं आणली. ती आकाशाशी ताडून पाहिल्यावर चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा, म्हणजे चंद्राच्या थाळीएवढा फरक निघाला. जयसिंहाचं निदान असं होतं, की युरोपीयांची यंत्रं पुरेशी मोठी नसावीत. पितळेच्या बाबतीत बरोबर ठरलेलं निदान त्याने इथेही लावलं. १७३४ मध्ये चंद्रनगरहून फ्रेंच जेझुइट बूदिए जयपूरला आला, तोवर दगडी यंत्रांचं बरंचसं काम झालेलं होतं.

तरीही ला हिरची कोष्टकं वाया गेली नाहीत. ‘झिज’मधली सूर्य, चंद्र आणि ग्रहांची कोष्टकं मुख्यतः त्यांच्यावरच आधारलेली असल्याचं विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. हिजरी कालगणना आणि इथलं रेखावृत्त यांनुसार ती बदलून घेतली होती. म्हणजे एकाच ग्रंथात तारे समरकंदचे, ग्रहांचं गणित पॅरिसचं आणि ताळा पाहणारी यंत्रं जयपूरची.

१७४३ मध्ये जयसिंह वारला आणि वेधशाळा मागे पडल्या. मथुरेची पूर्ण नाहीशी झाली. जयपूरच्या यंत्रांची मोठी दुरुस्ती १९०१-०२ मध्ये लेफ्टनंट गॅरेट या लष्करी अभियंत्याच्या हाताखाली झाली. कोणती खूण मुळात कशी होती हे ठरवायला संस्कृत ग्रंथ वाचणारा माणूस हवा होता. ते काम एकोणिसाव्या वर्षात असलेल्या चंद्रधर शर्मा गुलेरींनी केलं, पुढे ‘उसने कहा था’ या कथेने हिंदीत अजरामर झालेले तेच गुलेरी. दोघांच्या नावावर १९०२ मध्ये वेधशाळेवरचं पुस्तकही निघालं.

उज्जैनची वेधशाळा मराठी वाचकाला अधिक जवळची. माळवा मराठ्यांकडे गेल्यावर ती शिंद्यांच्या मुलखात आली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. तिथे वेध घेण्याचं काम पुन्हा सुरू झालं आणि पुढे दरवर्षी ग्रहस्थितीचं पंचांगही निघू लागलं.

जयपूरचं जंतरमंतर २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. सम्राट यंत्राची सावली आजही जयपूरची स्थानिक वेळ दाखवते. भारतीय प्रमाणवेळेशी ती जुळवायची तर तिच्यात रेखांशातल्या फरकाची सुमारे २७ मिनिटं मिळवावी लागतात, आणि सूर्याची चाल वर्षभर सारखी नसल्यामुळे तारखेनुसार आणखी काही मिनिटांची बेरीज किंवा वजाबाकी करावी लागते. ती केली, की अंधुक कडेत दोरा धरून घेतलेलं वाचन मनगटावरच्या घड्याळाशी काही सेकंदांच्या फरकाने जुळतं.