मर्वच्या तटाआड

तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटात मुर्गाब नदीने पोसलेल्या मर्व नगरीचे अवशेष पाहायला कधी गेलात, तर कच्च्या विटांचे ढासळलेले तट दिसतील. आत सुलतान संजरच्या कबरीवरील भव्य घुमट उभा आहे. हा सेल्जुक सुलतान ११५७ मध्ये निवर्तला. पण मला विचाराल, तर मर्वचे खरे वैभव तिथे दिसत नाही. ते होते ग्रंथालयांत.

याकूत अल-हमवी लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला. बगदादच्या व्यापारी मालकाला हिशेब लिहिणारा हवा होता, म्हणून त्याने मुलाला शिकविले! हाच याकूत पुढे थोर भूगोलकार झाला. तेराव्या शतकाच्या आरंभी तो मर्वला राहिला. तो लिहितो, शहरात वक्फची दहा ग्रंथालये होती. एकात सुमारे १२,००० ग्रंथ. त्याच्या घरी एका वेळी २०० किंवा अधिक ग्रंथ असत, तेही बहुतेक अनामत न ठेवता. (आपल्याकडे एका पुस्तकाला अनामत लागते!) मंगोलांच्या स्वारीमुळे त्याला मर्व सोडावे लागले. १२२१ मध्ये चंगीझखानाचा पुत्र तुलुई याच्या फौजेने शहर उद्ध्वस्त केले. त्या दहांपैकी एकही ग्रंथालय आज उभे नाही. तेथे याकूतने टिपून घेतलेले पुष्कळसे मात्र त्याच्या ‘मुअजमुल बुलदान’ या भूगोलकोशात आजही वाचायला मिळते.