ओळ मोडण्याची कुळकथा

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. त्याच्या पानावर दोन उभे स्तंभ होते, एकात इंग्रजी मजकूर आणि दुसऱ्यात मराठी. संपादक बाळशास्त्री जांभेकर तेव्हा जेमतेम विशीत होते. गाव पोंभुर्ले, आजच्या सिंधुदुर्गातल्या देवगड तालुक्यातले. मराठी पत्रकारितेचे जनक म्हणून त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांच्या पानाच्या मांडणीचे महत्त्व त्याहून कमी वाटत नाही. शेजारच्या स्तंभात इंग्रजी मजकूर जिथे थांबतो आणि नवी ओळ धरतो, तिथे मराठीलाही थांबावे लागते. मराठी गद्याला ओळ मोडायची सवय लागली ती अशा पानांवर.

आज एखादी संस्था आपल्या संकेतस्थळासाठी लेख लिहायला बसते, तेव्हा कोणीतरी जाणता सांगतोच: मथळा स्पष्ट हवा, परिच्छेद लहान हवेत, उपमथळे द्या, मुद्दे वेगळे काढा. हे सारे संगणकाबरोबर आले असा समज आहे. खरे तर यातल्या प्रत्येक गोष्टीला मोठे कूळ आहे आणि त्यातले काही थेट आपल्या दफ्तरांत आणि देवळांत सापडते.

जुन्या पोथीत शब्दांमध्ये जागा नसे. आडव्या लांब पानावर समासापासून समासापर्यंत अक्षरे सलग भरलेली असत. ओवी संपली की दंड, अध्याय संपला की समाप्तीचे वाक्य. कुठे आकड्यावर किंवा ‘उवाच’वर गेरूचा तांबडा हात फिरवलेला. युरोपातही वेगळे नव्हते. तिथे शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडच्या मठांतल्या लेखनिकांनी रुजवली, आणि नवा मुद्दा सुरू होतो तिथे तांबड्या शाईची खूण काढत. अशा सलग पानाने आपल्याकडे कोणाचे अडले नाही, कारण ते एकट्याने मुकाट वाचण्यासाठी नव्हतेच. पुराणिक वाचत आणि गाव ऐके. शब्द कुठे तोडायचा, कुठे दम घ्यायचा, कुठे थांबून अर्थ सांगायचा, हे पुराणिकबुवांच्या आवाजात होते. कागदावर ते असण्याची गरज नव्हती.

आवाजातल्या त्या थांब्यांचा आमच्याकडचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे गाऱ्हाणे. मालवण, वेंगुर्ले, कुडाळ कुठेही जा, देवळात नारळ ठेवून मानकरी किंवा जाणता माणूस देवासमोर उभा राहतो. आधी देवाला नावाने हाक. मग गाऱ्हाणे कोणाचे आहे ते. मग एकेक मागणे. प्रत्येक मागण्याअखेर जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, “व्हय म्हाराजा!” त्या आवाजाने एक मागणे पुरे होते आणि दुसऱ्याला वाट मिळते. दोन मागण्यांची सरमिसळ होत नाही, कारण लोकांनी होकार नेमका कशाला भरला हे स्पष्ट राहायला हवे. एका परिच्छेदात एकच मुद्दा ठेवावा, हे लेखनाच्या वर्गात शिकवावे लागते. गाऱ्हाणे घालणाऱ्याने ते कुठल्या वर्गात शिकलेले नसते, आणि तरी त्याचे कधी चुकत नाही.

कागदावरची आपली दुसरी परंपरा मोडी पत्रांची. आधी पानभर आडवी रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जायची. इथेही शब्द तुटत नाहीत, पण पत्राचे अवयव मात्र पक्के ठरलेले. वर ‘श्री’. मग मायना: ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ अमुक ‘गोसावी यांसी’. मग इकडचे कुशल कळवणे, तिकडचे विचारणे. त्यानंतर एक शब्द येई, ‘विशेष’, आणि मुरलेला कारकून थेट त्या शब्दावर नजर टाकी. खरे काम तिथून पुढे असे. करारमदार असेल, सरकारी याद असेल, तर मजकूर कलमवार लावत. एक बाब, एक कलम. ज्या खात्याचे काम त्या खात्याने आपले कलम उचलावे.

आपल्या संस्थांच्या लेखनात आजही मायना जिवंत आहे आणि कलम हरवले आहे. कोणताही वृत्तान्त उघडा. पहिल्या परिच्छेदात अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ. कार्यक्रमात काय घडले ते पाचव्या परिच्छेदात, तेही घडले असेल तर. मोडी पत्रातला मायना समोरच्या एका माणसासाठी होता, त्याचा मान राखणे हे त्या पत्राचे कामच होते. संकेतस्थळावरचा वाचक मात्र अनोळखी आहे. त्याच्यासाठी पहिली ओळ ‘विशेष’पासूनच सुरू व्हायला हवी. मान्यवरांचे आभार शेवटी मानावेत. त्यात कुणाचा अपमान नाही.

छपाई आली आणि पुराणिक बाजूला झाले. मराठीतला पहिला मोठा छापील ग्रंथ, फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’, १६१६ साली गोव्यात रायतूरला निघाला, पण रोमन लिपीत. देवनागरी खिळ्यांनी मराठी छापायचे काम विल्यम कॅरी यांनी १८०५ साली दूर बंगालमध्ये श्रीरामपूरला सुरू केले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले. ‘दर्पण’ आला तो त्याच्या पुढच्याच वर्षी. आता वाचक घरी एकटा होता, आणि अडले तर विचारायला कोणी नव्हते. आवाजात जे होते ते पानावर उतरवणे भाग पडले. जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास असे विषय आणि त्यांच्या जोडीला आकृत्या व नकाशे. चित्र हे सजावटीसाठी नसून लेखाचाच एक भाग आहे, ही समज मराठीत तिथे दिसते. १८५० साली मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका निघाली. दंड आणि दुहेरी दंड एवढ्यावर भागवणाऱ्या भाषेत स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह हळूहळू घरचे झाले. आज आपल्याला ते उपरे वाटत नाहीत, इतके.

या कुळातला एक अलीकडचा पुरुष अस्सल मालवणचा. जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ काढले. पुढे तारखा, तिथी, सण. पाठीमागे लेख, पाककृती, आरोग्याचे सल्ले. संस्थेसाठी लिहिणाऱ्याने त्या पाठीमागच्या पानाचा जरूर अभ्यास करावा. जागा ठरलेली, एक इंचही वाढायची नाही. वाचक स्वयंपाकघरात उभा, एका हाताने पान उलटून धरलेला. त्याला मथळ्यातच विषय कळायला हवा आणि हात दुखायच्या आत काहीतरी पदरात पडायला हवे.

पडद्यावरचा वाचकही असाच घाईत असतो. १९९७ साली जेकब नील्सन यांनी वेबवरच्या वाचनाची पाहणी प्रसिद्ध केली. शंभरातले ७९ वाचक नव्या पानावर नुसती नजर फिरवत गेले, शब्दन्‌शब्द वाचणारे १६ निघाले. याचा राग येण्याचे कारण नाही. मोडी वाचणारा कारकूनही आधी ‘विशेष’च शोधत असे.

आता आपल्याच किनाऱ्यावरचे उदाहरण घेऊ. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपण्याचे काम गावकरी करतात. अशा कामावर संस्थेला लेख लिहायचा असेल तर वाचकाला काय हवे? पिल्ले कधी बाहेर येतात, आपल्याला पाहता येतील का, तिथे कसे वागायचे. म्हणजे उपमथळे ठरलेच. ‘पिल्ले कधी निघतात’ याखाली: अंडी घातल्यापासून साधारण ४५ ते ६० दिवसांनी. ‘बॅटरी का लावू नये’ याखाली: पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात, माणसाने लावलेल्या दिव्याने ती समुद्राकडे जाण्याऐवजी भलतीकडे वळतात. ‘अंडी कुंपणात का हलवतात’ याखाली: कुत्री, कोल्हे आणि भरतीचे पाणी. प्रत्येक उपमथळा हा वाचकाच्या तोंडचा प्रश्न आहे आणि त्याखालच्या पहिल्याच वाक्यात त्याचे उत्तर आहे. ‘प्रस्तावना’, ‘पार्श्वभूमी’, ‘समारोप’ असल्या उपमथळ्यांनी वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

एक गोष्ट मात्र बहुतेक संस्थांकडून राहून जाते. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली वेबपानाच्या खुणांची पहिली यादी मांडली, तेव्हाच तिच्यात मथळ्यांच्या सहा पायऱ्या आणि परिच्छेदाची खूण होती. मथळा हा अक्षरे ठळक केल्याने मथळा होत नाही, पानाच्या रचनेत तो मथळा म्हणून नोंदवावा लागतो. डोळसाला फरक दिसत नाही. पण अंध वाचकाचे पडदावाचक यंत्र नोंदवलेल्या मथळ्यांवरूनच उड्या घेत पान ऐकवते, आणि अशी यंत्रे आज मराठीही वाचतात. वायंगणीचा लेख नुसत्या ठळक अक्षरांनी सजवला, तर बॅटरीची सूचना शोधायला त्या वाचकाला सगळे पान पहिल्यापासून ऐकावे लागेल. संपादन करताना ओळ निवडून ‘ठळक’ऐवजी ‘मथळा २’ दाबायचे, एवढेच काम आहे.