लाखेची तबकडी आणि हवेतले गाणे

यंदा दिवाळीच्या खरेदीत आमच्या गोरेगावातही एक नवाच प्रश्न येऊन बसला आहे. (गोरेगाव म्हणजे मुंबईचे, चित्रनगरीचे नव्हे, गोंदियाहून कोहमाऱ्याला जाताना लागते ते.) घरात गाणे ऐकण्यासाठी काही घ्यायचे आहे, मग ते मोबाइलवरून गाणी ओढून वाजवणारे स्पीकर घ्यावे, की पुन्हा बाजारात दिसू लागलेले तबकडीचे यंत्र घ्यावे? आमच्या मुलाचा कौल पहिल्याला आणि वडिलांचा दुसऱ्याला. दोघांच्या मध्ये बसणे माझ्या नशिबी आले म्हणून या यंत्रांचा पूर्वेतिहास जरा चाळून पाहिला, तो त्याचे एक मूळ आपल्याच रानात निघाले.

मिनिटाला 78 फेरे घेणारी ती जुनी काळीभोर तबकडी मुख्यतः कशाने बांधलेली असे? लाखेने. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचा किडा वस्ती करतो. त्याने अंगाभोवती केलेले कवच खरवडून काढायचे, धुवायचे, वितळवायचे आणि त्याचे पातळ पापुद्रे करायचे. त्या लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून, तापवून, साच्यात दाबली की झाली तबकडी. जगाला लागणाऱ्या लाखेचा फार मोठा वाटा हिंदुस्थानच्या जंगलांतून जाई. गोंद म्हणजे डिंक. डिंक आणि लाख यांच्या व्यापारावरून गोंदियाला त्याचे नाव मिळाले असे सांगतात. लंडन-न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांत जे संगीत वाजे, त्याला पळसाच्या झाडाचा आधार होता, हे आमच्या वर्गातल्या मुलांना सांगितले तेव्हा त्यांना ते खरेच वाटेना.

दुसऱ्या महायुद्धात ही लाख सोन्यासारखी झाली. ती समुद्रापलीकडून यायची, आणि युद्धसामग्रीलाही हवी असायची. एप्रिल 1942 मध्ये अमेरिकी सरकारने तबकड्यांसाठी होणारा लाखेचा वापर 70 टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम काढला. मग लोकांकडून जुन्या तबकड्या गोळा करून त्यांच्या नव्या तबकड्या होऊ लागल्या. जुने गाणे मोडून नवे गाणे! त्यात काय काय गेले असेल, याचा हिशेब कोण ठेवणार?

आपल्या देशात या उद्योगाची सुरुवात झाली ती नोव्हेंबर 1902 मध्ये. फ्रेड गायसबर्ग नावाचा ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजानचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव सांगते. पुष्कळांना तो नखरा वाटतो. वास्तविक कारण अगदी व्यवहारी होते. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिराला लेबलावर कोणाचे नाव घालायचे ते कळावे कसे? तेव्हा मायक्रोफोनही नव्हता. एका कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच सुईने मेणावर रेघ ओढायची. विजेचे मुद्रण आले ते 1925 मध्ये.

आणि वेळ किती? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे. बालगंधर्वांचे पद म्हणजे ‘वन्स मोअर’वर ‘वन्स मोअर’, प्रत्येक वेळी नवी जागा, नवी हरकत. ते सगळे तीन मिनिटांत बसवायचे! अब्दुल करीम खाँसाहेबांनीही ख्याल आणि नाट्यपदे याच चौकटीत गायिली. ही चौकट म्हणजे केवळ अन्यायच, असे मात्र मी म्हणणार नाही. थोडक्यात सगळा राग उभा करण्याची एक वेगळीच कला त्यातून निपजली. खाँसाहेबांची तबकडी ऐकताना एकही स्वर वाया गेलेला दिसत नाही. परंतु आमच्या झाडीपट्टीची दंडार रात्रभर चालायची. ती कुठल्या तबकडीत मावणार?

जून 1948 मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलची, मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीस फेरे घेणारी (नेमके सांगायचे तर 33⅓) लाँग प्ले तबकडी काढली. एका बाजूला वीसेक मिनिटे गाणे. तबकडीतून लाख गेली आणि एक प्रकारचे प्लॅस्टिक आले. ख्यालाला हातपाय पसरायला जागा मिळाली.

आता एक मराठी उदाहरण घेऊ. 1 एप्रिल 1955 रोजी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले. गदिमांची 56 गीते, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक गीत. त्या मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे अनेक गळे होते. पुढे ध्वनिमुद्रिकांचा संच निघाला तो फडके यांच्या आवाजात, आणि घरोघरी तोच रुजला. आज गीतरामायण म्हटले की आपल्या कानी बाबूजींचाच आवाज येतो. त्याबद्दल तक्रार कोण करील? पण जे घरात ठेवता आले तेच कानात राहिले, एवढे यातून दिसते.

या नजरेने आमच्या मुलाच्या स्पीकरकडे पाहू. सोय अशी की राजांनाही लाभली नसेल. उत्तम प्रतीचे गाणे सेकंदाला 320 किलोबिट या मापाने येते. म्हणजे तासभर ऐकले तर सुमारे 144 मेगाबाइट खर्च. स्वस्तच. पण ते गाणे आपले नसते. ऐकण्याची मुभा तेवढी आपली. मार्च 2023 मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार जमेना, तेव्हा कित्येक चित्रपटगीते तिथून दिसेनाशी झाली. ऑगस्ट 2024 मध्ये एअरटेलने आपली विंक ही गाण्यांची सेवाच बंद करीत असल्याचे जाहीर केले. लोकांनी हौसेने लावलेल्या याद्यांचे काय? तबकडी निदान फुटेपर्यंत आपली असते.

मुलाची बाजूही लंगडी नाही. गावातला पोरगा आज खिशातल्या मोबाइलवर अख्खी दंडार टिपतो आणि सकाळी यूट्यूबवर चढवतो. तीन मिनिटांची अट नाही, हॅनोव्हर नाही. माझ्या मते नव्या पद्धतीचा हाच सर्वांत मोठा गुण, आणि जाहिरातीत नेमका हाच कोणी सांगत नाही.

तेव्हा आमच्या घरी स्पीकर आला. वडिलांचा रुसवा काढण्यासाठी तबकडीच्या यंत्राचीही चौकशी केली. ज्यांच्या माळ्यावर आजोबांच्या काळची पेटी असेल त्यांनी ध्यानात ठेवावे की, आजकालच्या बऱ्याच यंत्रांना 33 आणि 45 हेच वेग असतात, 78 नसतो. आणि लाखेच्या तबकडीची चर रुंद. तिला विनाइलची बारीक सुई लावू नये, जाड सुई वेगळी घ्यावी लागते. लाखेची तबकडी काचेसारखी तडकते. विनाइलची आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याखाली ठेवली तर पापडासारखी वाकते. दोन्ही उभ्या ठेवाव्यात, थर रचू नये.

आणि माळा आवरताना पेटी भंगारवाल्याला देऊ नये. निदान आधी लेबले वाचावीत. आमच्या पेटीतली काही गाणी मुलाने मोबाइलवर शोधली आणि चटकन सापडली. काही कुठेच सापडली नाहीत. त्या तबकड्या आता त्याने वेगळ्या काढल्या आहेत, आणि आजोबांना समोर बसवून तो वहीत उतरवून घेतो आहे: गाणाऱ्याचे नाव, पदाचे पहिले शब्द, लेबलावरचा क्रमांक, आणि बाजू पहिली की दुसरी.