आत्मवृत्ताचीं पुसट पानें

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव परंपरेनें संत नामदेवांचें जन्मस्थान मानलें जातें. नामदेवांच्या गाथेंत त्यांच्या स्वतःच्या जीवनाविषयींचे अभंगही आहेत. आपली कहाणी आपण सांगावी, ही ओढ मराठी मनास इतकी जुनी आहे. परंतु कहाणी सांगण्यासाठीं ती आधीं स्मरावी लागते. आणि छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया, या व्याधींत नेमकी हीच शक्ति क्षीण होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन वैद्य एमिल क्रेपेलिन यांनीं या विकारास 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', म्हणजे अकालीं येणारा बुद्धिभ्रंश, हें नांव रूढ केलें. १९०८ सालीं स्विस वैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनीं त्याऐवजीं 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द योजिला. एका देहांत दोन माणसें, असा त्याचा अर्थ पुष्कळ लोक करितात. तो खरा नव्हे. विचार, भावना व इच्छा यांचा परस्परांशीं असलेला सांधा निखळणें, हा ब्लॉयलर यांचा अभिप्राय होता.

स्मृतीचा विचार मात्र उशिरां झाला. १९७२ सालीं मानसशास्त्रज्ञ एन्डेल टुल्व्हिंग यांनीं ज्ञानाची स्मृति आणि प्रसंगांची स्मृति असा भेद केला. लग्नाचें साल ठाऊक असणें निराळें, आणि मांडवांतील गलबला मनांत पुन्हां अनुभवणें निराळें. छिन्नमनस्कतेच्या रोग्यांस दुसरी स्मृति विशेष कठीण जाते, असें पुढील संशोधनांत दिसून आलें. 'लहानपणीं औंढ्याच्या जत्रेस जात असूं' इतकें रोगी सांगेल. परंतु एखाद्या जत्रेंत त्या दिवशीं काय घडलें, हें सांगतांना अडखळेल. व्याधि बहुधा ऐन तारुण्यांत जडते. 'मी कोण' याचें उत्तर माणूस त्याच वयांत आपल्या आठवणींतून घडवीत असतो, म्हणून ही हानि अधिक खोल जाते.

हिंगोली निजामाच्या राज्यांत असतांना संस्थानचें मनोरुग्णालय जालन्यास होतें. १९५३ सालीं तें हैदराबादेस हलविण्यांत आलें. घरापासून दूर गेलेल्या रोग्यास स्वतःचा वृत्तांत सांगतां आला नाहीं, तर तो इतरांच्या शब्दांतच उरावयाचा.

स्मृतीचें मोल किती, हें कर्जत येथें दिसतें. डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांनीं १९८८ सालीं स्थापिलेली 'श्रद्धा' संस्था रस्त्यांवर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांस घरीं पोंचविते. या कार्यासाठीं डॉ. भरत वाटवानी यांस २०१८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. औषधांनीं मन स्थिरावूं लागलें कीं रोगी एखाद्या गांवाचें वा तालुक्याचें नांव उच्चारतो, आणि त्या एका धाग्यावरून घराचा माग लागतो. अशा रीतीनें हजारों माणसें स्वगृहीं परतलीं आहेत.

म्हणून रोग्याची आठवण तुटक असली तरी ती भ्रम समजून टाकून देऊं नये. आप्तांनीं धीरानें एकेका दिवसाविषयीं विचारावें व उत्तराची वाट पाहावी. विझलेली वाटणारी स्मृति कित्येकदां केवळ झांकलेली असते.